सालू मिस्त्री आणि दम लागलेली लॉरी

सालू मिस्त्रींकडे बिघडलेली गाडी नेली, की बॉनेटला हात लावायच्या आधी ते ड्रायव्हरला बसायला खोकं देत. शहाडला नदीच्या बाजूला त्यांची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या दाराशी स्टोव्हवर काळ्या चहाचं भांडं कायम असे. चहाचा कप ड्रायव्हरच्या हातात दिला की ते त्याच्यासमोर उकिडवे बसत आणि म्हणत, "आता बरी व्हती तवाचा सांग." ड्रायव्हर बिचारा गाडी कुठे बंद पडली, धूर कसला आला, हे सांगायला तोंड उघडायचा. मिस्त्री हात वर करून त्याला गप्प करायचे. "आजाराचा सगलेच सांगतान. गारी शेवटची बरी कवा व्हती, त्या दिसापासना सांग. मंग कोनी कोनी तिला हात लावला, ता सांग."

या चौकशीला कधी कधी तासभरही लागे. घाईत असलेले मालक चरफडत. एकदा एक भातगिरणीचे मालक उभ्याउभ्याच कडाडले होते, की मी गाडी दाखवायला आलोय, तिची पत्रिका मांडायला नाही. मिस्त्रींनी त्यांच्याही पुढे एक खोकं सरकवलं. चिडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि ऐकून घेतल्याशिवाय पाना उचलणंही नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यांनी न बघता, न ऐकता मत दिलं, आणि त्या एका वाक्याने एक माणूस कामातून गेला. त्या प्रकरणात माझाही हात होता. त्यांच्यापेक्षा जास्तच होता. म्हणजे मिस्त्रींबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार, आणि तेच मी इतकी वर्षं टाळत आले.

मिस्त्री मूळचे ठाण्याचे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. बाप्तिस्म्याचं नाव साल्वादोर, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. लढाईच्या वर्षांत कल्याणच्या लष्करी छावणीत ते गाड्यांच्या दुरुस्तीचं काम शिकले. डिझेलचं इंजिन ज्यांना कळत होतं अशी माणसं तेव्हा आमच्या बाजूला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यांत मिस्त्रींचं नाव पहिलं. लढाई संपली, छावणीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली, आणि मिस्त्री आपली पान्यांची पेटी उचलून शहाडला गेले. अंगाने बारीक, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्याला क्रूस. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. काम संपल्यावर हात सगळेच मिस्त्री धुतात. सालू मिस्त्री काम सुरू करायच्या आधीही धुवायचे. का, म्हणून मी एकदा विचारलं. "डागदर नाय धवत?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'बाय' म्हटलं आणि 'तू' म्हटलं. मी ठाण्याच्या टेंभी नाक्याची माहेरवाशीण आणि कल्याणची सून. आमच्या घरात मांजरालाही अहो म्हणायचं बाकी होतं. ते 'तू' ऐकून मला आधी धक्काच बसला आणि दोन मिनिटांनी बरं वाटायला लागलं. सासरी मला 'अहो' म्हणणारी माणसं पुष्कळ होती, पण त्यात माया नव्हती.

माझ्यासारखीचा मिस्त्रींशी संबंध आला तो आमच्या लॉरीमुळे. आमच्या ह्यांनी कचेरीतली चांगली नोकरी सोडून लॉरी घेतली आणि सगळ्या नातेवाइकांत चर्चेला विषय पुरवला. मुरबाडच्या बाजूचं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना पोचवायचं, हा धंदा. लॉरी डिझेलवर चालणारी होती, लोक तिला क्रूडची गाडी म्हणत. ड्रायव्हर अंतू. मुरबाडकडचाच, पस्तिशीचा, गरजेपुरतं बोलणारा. सकाळी लॉरी पुसायला लागला की आरशापासून मागच्या दिव्यापर्यंत एकही जागा सोडायचा नाही. ह्यांना तो शेठ म्हणे आणि मला वहिनी.

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. "हिच्या हाताला यश नाही," असं सासूबाई शेजारणींना सांगत, ते बरोबर मला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. माझ्या हातचं लोणचं खराब झालं तरी त्याचं कारण तेच आणि गाय आटली तरी तेच. लॉरी दारात आली तेव्हा घरात पहिल्यांदा एक काम माझं म्हणून माझ्या वाट्याला आलं. लांबच्या खेपेला निघताना मी तिला कुंकू लावायची. बॉनेटला, चाकांना, आणि शेवटी डिझेलच्या टाकीच्या झाकणाला. ही शेवटची रीत मीच काढलेली. जिथून ती जेवते तिथे कुंकू नको का, असं माझं म्हणणं. नुसती पिंजर, म्हणजे कोरडं कुंकू, वाऱ्याने उडून जाई, म्हणून आधी मेणाचं बोट फिरवायचं आणि त्यावर पिंजर दाबायची, आम्ही बायका तेव्हा कपाळाला लावत होतो अगदी तसं. अंतू बाजूला हात जोडून उभा राही. दोन वर्षं लॉरी एकदाही वाटेत बसली नाही आणि त्याचं थोडं श्रेय मी मनातल्या मनात माझ्या मेणाला देत होते.

मग तिचा डिझेलचा पंप बिघडला. लॉरी मुंबईला, जिथून घेतली त्या कंपनीच्या वर्कशॉपात गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. पंप दुरुस्त झाला होता, नळ्या नव्या होत्या, आणि टाकीला नवं पितळी झाकण होतं. जुनं झाकण झिजून ढिलं झालेलं, खडखडायचं. हे गच्च बसायचं. त्याच्या मधोमध टाचणी जाईल एवढं एक भोक होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही, दिसलं असतं तरी कळलं नसतं. पितळ लखलखीत होतं म्हणून मी त्या दिवशी जरा मोठंच कुंकू लावलं, बरोबर मधोमध.

तेव्हापासून लॉरीला दम लागायला लागला. कल्याणहून निघाली की दहा मैल नीट पळे. शीळ गाव मागे टाकून मुंब्र्याकडची चढण लागली की पायाखालचं पॅडल फळीला टेकवलं तरी बैलगाडीच्या चालीने जायची, कधी मध्येच बंद पडायची. ह्यांनी ती तीन वेळा कंपनीच्या वर्कशॉपात नेली. तिथे गाडी आल्याबरोबर रॉकेल आणि पाण्याने धुऊन काढत, झाकण उघडून काठीने तेल बघत, आणि रिकामी लॉरी दोन-चार मैल फिरवून आणत. लॉरी मस्त पळायची. तिसऱ्या वेळी तिथला साहेब ह्यांना म्हणाला, गाडीत काही दोष नाही, ड्रायव्हर बदला. लॉरी घरी आली की मी तिची दृष्ट काढायची आणि आधीपेक्षा जाड मेण लावायची. आजारी माणसाची आपण जास्त काळजी घेतो, त्यातलाच तो प्रकार.

त्याच सुमाराला गवताच्या व्यापाऱ्याचा माणूस ह्यांच्या कानावर घालून गेला, की अंतू शीळच्या पुढे लॉरी उभी करून टाकीचं झाकण उघडताना दोनदा दिसला. हे घरात येरझारा घालायला लागले. दुसऱ्या दिवशी शहाडला काही कामासाठी गेले असताना ते मिस्त्रींच्या शेडवरून जात होते. मिस्त्री कोणाच्या तरी गाडीखाली उताणे पडून काम करत होते. ह्यांनी रस्त्यातूनच विचारलं, "मिस्त्री, भरल्या खेपेत ड्रायव्हरला टाकीचं झाकण उघडायचं काय काम असतं हो?"

गाडीखालून उत्तर आलं, "तेल काढाचा, दुसरा काय?"

बस, एवढंच. त्या संध्याकाळी ह्यांनी अंतूला अंगणात बोलावलं. सासूबाई दारात बसल्या होत्या, मी त्यांच्यामागे उभी होते.

"वाटेत टाकीचं झाकण उघडतोस?"

"उघडतो, शेठ."

"कशाला?"

अंतूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "गाडीला दम लागतो, शेठ."

"मी झाकणाचं विचारतोय."

अंतू गप्प. हे म्हणाले, "सालू मिस्त्रींनीच सांगितलं मला, तेल काढतोस म्हणून." मिस्त्रींचं नाव ऐकल्यावर अंतूने कमरेची किल्ली सोडली आणि ओट्यावर ठेवली. त्या पट्ट्यात गाडीच्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द म्हणजे निकाल. आठवडाभरात कल्याणपासून ठाण्यापर्यंत लॉरीवाल्यांत बातमी पोचली आणि अंतूच्या हातात गाडी द्यायला कोणी तयार होईना. तो ठाकुर्लीच्या वीजघरात कोळशाची राख उपसायच्या कामावर गेला. त्याने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं आणि मी तोंड उघडलं नाही, ही टोचणी मला तेव्हाही होती. पण ती खरी टोचणी नव्हे, हे पुढे कळायचं होतं.

नवा ड्रायव्हर आला आणि लॉरी आणखीच बसायला लागली. अंतू निदान ती घरी आणायचा, याची अर्धा-अर्धा दिवस चढणीवर अडकून पडायची. शेवटी मिस्त्रींना दाखवायचं ठरलं, तर त्याच दिवशी हे तापाने आडवे झाले. घरचं कोणीतरी बरोबर हवं, म्हणून मी गेले. गवताने भरलेल्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून चाललेली बाई पाहायला आमच्या आळीत लोक दारं उघडून उभे होते.

मिस्त्रींनी चहा केला, खोकी मांडली आणि ड्रायव्हरला नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मला येऊन आठ दिवस झालेत. बरी होती तेव्हा मी नव्हतोच."

"मंग कोन व्हता?"

"अंतू होता," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात ना तो तेल काढतो, म्हणून ह्यांनी त्याला घालवलं."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "मी बोललो? मी ही गारी आज बघते." मग त्यांना आठवलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं. हातातला कप त्यांनी जमिनीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, आता तूच सांग."

"मला गाडीतलं काय कळतंय?"

"गारीतला नको. घरातला सांग. निंगते तवा तू काय करतस, परत येते तवा काय करतस."

मी सांगायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, थोड्या तोऱ्यातच सांगितलं. झाकणापाशी आले तेव्हा ते म्हणाले, "मेन लावतस?" मी म्हटलं, लावते, वर पिंजर. "नवा झाकन आला त्यावर पन?" त्यावर तर जास्तच, मी म्हटलं, बरोबर मधोमध. मिस्त्रींचं ऐकून झालं. उठले, हात धुतले, टाकी काठोकाठ भरायला लावली आणि लॉरी स्वतः घेऊन मुरबाडच्या रस्त्याला गेले. झाकणावरच्या कुंकवाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, असं मला वाटलं. गाड्यांवर कुंकू इतकं नेहमीचं असतं, की ते कोणालाच दिसत नाही.

बऱ्याच वेळाने लॉरी परत आली ती धापा टाकतच. मिस्त्रींनी मला टाकीजवळ बोलावलं. "झाकन उघर." मी कडेला धरून झाकण फिरवलं. ते सुटताना आतून हवा ओढल्याचा मोठा आवाज आला, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा श्वास. मिस्त्री म्हणाले, "आयकलास? पोटातला तेल जाते तं त्याचे जागी वारा आत यावा लागते. वाऱ्याची वाट बुजली, मंग तेल पुढं येत नाय." मग त्यांनी माझ्या बांगड्यांत अडकवलेल्या पिनेकडे बोट दाखवलं. "तीच घे. मधला मेन तूच काढ." मी पिनेने मेण खरवडलं. खालून ते टाचणीएवढं भोक निघालं. मिस्त्री पुन्हा लॉरी घेऊन गेले, त्याच रस्त्याने, तेवढ्याच भाराने, आणि परत आले ते धूळ उडवत.

दोष सापडला की मिस्त्री एरवी खुशीत येत, असं त्यांचे ड्रायव्हर लोक सांगत. त्या दिवशी ते खोक्यावर बसले आणि डोकं धरून राहिले. "अंतू तिला वारा देत व्हता," ते म्हणाले. "गारी चालाला पायजे म्हनून झाकन उघरत व्हता. आन मीनी त्याला चोर केला. गारीखालना बोललो. तोंड पन नाय बघितला कोनाचा."

मी मात्र माझ्याच विचारात होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. मेणाचं ह्यांना सांगू नका म्हटलं. सासूबाई काय म्हणतात तेही सांगितलं. परक्या माणसापुढे मी ते पहिल्यांदाच बोलत होते. लॉरी बसली, धंदा बसला, माणूस गेला, सगळं माझ्या बोटाने झालं हे घरात कळलं असतं तर त्या घरात मला श्वास घेता आला नसता. मिस्त्रींनी सगळं ऐकलं. "तुझा हाय ता मी नाय सांगाचा," ते म्हणाले. "माझा हाय तेवढा सांगते."

दोन दिवसांनी ते धुतलेला सदरा घालून आमच्या घरी आले आणि ह्यांच्यासमोर उभे राहून म्हणाले, की झाकणाचं भोक बुजलं होतं, अंतू हवा द्यायला झाकण उघडत होता, मी न बघता बोललो, चूक माझी. आमचे हे अन्यायी नव्हते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, "मिस्त्री, मान्य. पण झाकण उघडलं की गाडी चालते, हे त्याला कळलं होतं ना? मग मी समोर उभं करून विचारलं तेव्हा एका शब्दाने सांगितलं का नाही? सांगण्यासारखं असतं तर माणूस लपवील कशाला? त्याच्या पोटात काहीतरी होतंच." मिस्त्रींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मी उभी होते. मी आत दूध बघायला गेले.

मग मिस्त्रींनी ठाकुर्लीच्या फेऱ्या सुरू केल्या. दर रविवारी ठाण्याच्या चर्चमधली मिस्सा आटोपली की ते अंतूच्या खोलीवर जात आणि त्याच्या दारात उकिडवे बसत. जगातल्या कुठल्याही ड्रायव्हरला बोलतं करणारा हा माणूस, पण अंतू त्यांच्याशी बोलायला तयार नव्हता. एकदाच म्हणाला, आणि ते मिस्त्रींनी मला जसंच्या तसं ऐकवलं. "मिस्त्री बोलले तवा मी चोर झालो, आता मिस्त्री बोलत्यात तर साव. माझ्या बोलण्याला काय किंमत हाय का नाय?" "खरा हाय त्याचा," मिस्त्री म्हणाले. "आता तू चल बाय. माझा तिथं कई चालत नाय."

माहेरी जाते असं घरात सांगून मी ठाकुर्लीला उतरले. अंतूच्या भुवयांतसुद्धा राख होती. त्याच्या बायकोने मला पाट दिला. मिस्त्री दाराबाहेरच बसले. मी अंतूला विचारलं, तुला झाकणाचं कळलं होतं का? तो म्हणाला, "तिसऱ्या खेपेलाच कळलं, वहिनी. मेण भोकात बसतं, ते."

"मग पुसून का नाही टाकलंस रे?"

"सवाशिणीनं लावलेलं कुकू मी पुसू?" अंतू म्हणाला. "शेठ त्याच गाडीत बसायचे. उद्या त्यांच्या जिवाला काय झालं असतं म्हंजे? त्यापेक्षा झाकण कडेनं धरायचं, उघडायचं, लावायचं. दर दहा मैलांवर. गाडी येत व्हती ना घरी."

"आणि शेठना सांगायचं होतंस."

"त्या सांजेला सांगणार व्हतो. तुमच्याकडं बघितलं. तुमच्या पुढं आईसाहेब बसल्या व्हत्या. त्या तुम्हाला काय बोलत्यात ते आम्ही अंगणातनं ऐकलेलं हाय, वहिनी."

मला रडू आवरेना. चोर ठरला तो माणूस माझं कुंकू आणि माझी अब्रू सांभाळत होता, आणि मी त्या संध्याकाळी काकवीत बुडालेल्या माशीसारखी गप्प उभी होते. बाहेरून मिस्त्री हळूच म्हणाले, "सवाशिनीचा कुकू, म्हनून मीनी पन ता मेन तुलाच काढाला लावला." निघताना त्यांनी मला एकच विचारलं, "बोलशील ना मालकाशी?" मी म्हटलं, बोलते, चार दिवस द्या.

चार दिवसांनी मी बोलले नाही. त्याच महिन्यात मला दिवस गेले. घरातली हवा एकदम बदलली. सासूबाई माझ्या आवडीच्या भाज्या करायला लागल्या, शेजारणींना बोलावून "हिच्या हातचं खाऊन बघा" म्हणायला लागल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरात जागा मिळाली होती आणि ती एका वाक्याने घालवायची माझी छाती झाली नाही. बाळंतपण झालं की बोलू, मग बारसं झालं की बोलू, असं करत मुलगा चालायला लागला. लॉरीचा धंदा काही जमला नाही. ह्यांनी ती विकली आणि पुन्हा कचेरीत जायला लागले. लॉरीच नाही तर आता झाकणाचं काय बोलायचं, असंही मी स्वतःला समजावलं. अंतू ठाकुर्लीलाच राहिला. माझ्या भित्रेपणाला मी फार दिवस शहाणपण म्हणत होते.

मिस्त्री मात्र त्या प्रकरणानंतर बदलले. गाडीखाली असताना कोणी काही विचारलं, की ते सरपटत बाहेर येत, उभे राहत, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत आणि मगच बोलत. पुष्कळदा बोलतच नसत. "गारी आन. बघितल्याशिवाय माझा तोंड नाय उघराचा." साधा सल्ला मागणारेही खोक्यावर बसवले जायचे. लोकांना याचा कंटाळा आला. कल्याणात नवी गॅरेजं निघाली, तिथे लगेच काय ते सांगत, मग ते बरोबर असो की चूक. शहाडच्या शेडपुढच्या गाड्या कमी झाल्या, पुढे पुढे मिस्त्री दिवसचे दिवस रिकाम्या खोक्यांसमोर बसलेले दिसत. मला ते बाजारात किंवा स्टेशनाच्या रस्त्यावर भेटायचे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचे. "पोर बरा हाय ना?" विचारायचे आणि पुढे जायचे.

छातीच्या दुखण्याने ते गेले तेव्हा आम्ही योगायोगाने टेंभी नाक्याला माझ्या माहेरी होतो. हेही म्हणाले, चल, भला माणूस होता. ख्रिस्ती लोकांत दफनाला बायकाही जातात. चर्चमागच्या स्मशानात फार माणसं नव्हती. त्यांची एक म्हातारी बहीण, वस्तीतले काही जण, दोन-तीन जुने ड्रायव्हर. पेटी खाली सोडल्यावर एकेकाने मूठभर माती टाकली. आम्ही फाटकापाशी आलो तर तिथे भिंतीला टेकून अंतू उभा होता. केस पांढरे झाले होते. ह्यांनी त्याला ओळखलं आणि हळूच मला म्हणाले, "हा चोर इथे कशाला आलाय?"

तिथेच, त्या फाटकात, मी बोलले. अंतूला ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. मेण, कुंकू, भोक, आणि अंतू त्या संध्याकाळी गप्प का राहिला तेही. काही झाकलं नाही. ह्यांनी एकदाही मला अडवलं नाही. माझं संपल्यावर ते डोक्यावरची टोपी काढून अंतूसमोर गेले आणि त्यांनी हात जोडले. अंतू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, शेठ."

मी पुढे झाले. "अंतू, माझ्यामुळे तुझी इतकी वर्षं राखेत गेली," म्हटलं.

"माझं काय, वहिनी. सवय झाली," अंतू म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, आत माती लोटत होते तिकडे बघत होता. "मिस्त्रींना ऐकायचं व्हतं. दर रविवारी यायचे, एक चुकला नाय. दारात पाय ठेवायच्या आधी इचारायचे, बोलली का ती? मी म्हणायचो, नाय, शेठ काय आले नाय. मग बसायचे, आम्ही चहा प्यायचो. मागच्या रविवारी चालवत नव्हतं, तरी आले. तवाही इचारलं."

या सगळ्या वर्षांत ते मला कितीतरी वेळा भेटले होते. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही.